एकावर एक मोफत. यकृत मात्र एकच

भीमाशंकरच्या डोंगराखाली, आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यातली बरीच गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. या कायद्याने ग्रामसभेला जे अधिकार दिले, त्यांत गौण वनोपज आणि जमिनीबरोबर आणखी एक अधिकार आहे. मादक पदार्थांच्या विक्रीवर आणि सेवनावर बंदी घालणे, किंवा त्यावर नियंत्रण आणि मर्यादा आणणे. महादेव कोळ्यांच्या एखाद्या वाडीतल्या बाया ग्रामसभेत उभ्या राहून म्हणू शकतात, की आमच्या गावात दारू विकायची नाही. आणि ते म्हणणे नुसते गाऱ्हाणे नसते, त्याला कायद्याचा आधार असतो.

याच जिल्ह्यात, तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, पुण्यातल्या क्लबांचे आठवड्याचे वेळापत्रक वेगळे असते. एका वारी ‘लेडीज नाइट’, म्हणजे मुलींना ठरावीक वेळेत दारू फुकट. संध्याकाळी दोन-तीन तास ‘हॅपी अवर्स’, एका पेगवर दुसरा मोफत. कुठे एकदाच पैसे भरा आणि हवी तेवढी प्या. घोडेगाव, मंचर, नारायणगाव, जुन्नरहून शिकायला किंवा नोकरीला गेलेली मुले याच शहरात खोल्या घेऊन राहतात. सवलतीचा निरोप त्यांच्याही फोनवर येऊन पडतो. गावात बाटली आडवी करणाऱ्या आईला शहरातल्या या निरोपावर मत द्यायला कुठलीही सभा नाही.

या सवलतींकडे सहसा दोनच नजरांनी पाहिले जाते. एक संस्कृतीरक्षकाची, तिला क्लबच नको असतो. दुसरी ग्राहकाची, तिला सूट म्हणजे सूट, मग ती साडीवर असो की व्हिस्कीवर. आरोग्यशास्त्राची नजर या दोन्हींपेक्षा निराळी आहे. माणसाने दारू प्यावी की नाही, एवढ्यावर ते शास्त्र थांबत नाही. किती प्यायला आणि किती वेळात प्यायला, हेही ते विचारते. स्वस्त दारूच्या योजना नेमक्या या दोन गोष्टींवर काम करतात.

हिशेब साधा आहे. भारतीय व्हिस्की-रमच्या बाटलीवर अल्कोहोलचे प्रमाण बहुधा ४२.८ टक्के असते. त्यामुळे ३० मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येते. मोठ्या पेगमध्ये २० ग्रॅम. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली म्हणजे ४० ग्रॅम, अर्थात चार छोटे पेग. ‘मी फक्त बिअर घेतो’ असे सांगणाऱ्याने हा गुणाकार एकदा करून पाहावा. उलट बाजूला यकृत ताशी साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोलचा निचरा करते. म्हणजे तासाला जेमतेम एक छोटा पेग. कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची अंघोळ, नाच, उलटी, यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही.

आता ६० किलो वजनाचा एक तरुण रात्री नऊ वाजता हॅपी अवर्समध्ये बसला असे धरू. त्याने दोन मोठे पेग विकत घेतले, दोन फुकट मिळाले. पोटात ८० ग्रॅम अल्कोहोल गेले, तेही सवलतीची वेळ संपायच्या आत, कारण घड्याळ पाहूनच प्यायचे होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे वाहन चालवणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असणे हा गुन्हा आहे. या तरुणाच्या रक्तातले प्रमाण अकराच्या सुमारास दीडशेच्या वर असेल. ते ३० पर्यंत उतरायला दुसऱ्या दिवशीचे सकाळचे आठ वाजतात. माणसामाणसांत फरक पडतो, पोट रिकामे की भरलेले यानेही पडतो, पण अंदाज साधारण हाच. मित्राने रात्री गाडी चालवली, आपण शहाणपणा केला, असे समजून सकाळी सातला दुचाकीला किक मारणारा हा तरुण कायद्याच्याही आणि मेंदूच्याही दृष्टीने अजून प्यालेलाच असतो.

फुकटचा पेग नसता, तर हाच माणूस दोनवर थांबला असता का? या प्रश्नाचे प्रयोगातून मिळालेले एक जुने उत्तर आहे. अमेरिकेत १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णालयाच्या संशोधन कक्षात ठेवलेल्या पुरुषांना दारू विकत घेण्याची मुभा होती. काहींना दिवसभर एकच भाव, काहींना दुपारचे काही तास निम्मा भाव. निम्म्या भावाची सोय असलेल्यांनी दुपटीहून जास्त दारू घेतली. आणि महत्त्वाचे म्हणजे हे नेहमीच्या पिणाऱ्यांपुरते नव्हते, अधूनमधून घेणाऱ्यांचेही तसेच झाले. सवलत फक्त बेवड्याला बिघडवते, जबाबदार माणसाला नाही, हा समज तिथेच मोडला. पुढे १९८४ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने हॅपी अवर्सवर बंदी घातली.

‘लेडीज नाइट’चा प्रकार तर शरीरशास्त्राच्या अगदी उलट दिशेने जातो. अल्कोहोल शरीरातल्या पाण्यात मिसळते. स्त्रियांच्या शरीरात वजनाच्या मानाने पाण्याचे प्रमाण कमी असते, आणि जठरात अल्कोहोल मोडणारे विकरही सरासरीने कमी काम करते. दोन मोठ्या पेगांनी ६० किलोच्या पुरुषाच्या रक्तातले प्रमाण शंभराच्या आसपास जाईल, तर ५० किलोच्या मुलीचे दीडशेच्या जवळ. ज्या शरीरावर दारूचा परिणाम जास्त, त्यालाच ती फुकट. ही उदारता कशासाठी असते हे क्लबच्या दारातला माणूसही सांगेल. मुली आल्या की पैसे भरणारे पुरुष येतात. फुकट पेग पिणारी मुलगी ही त्या धंद्यात ग्राहक नसते, ती दुकानात मांडलेल्या मालाचा भाग असते. तिला गुंगवून ठेवण्याचा खर्च पुरुषांच्या बिलातून वसूल होतो. स्त्री-स्वातंत्र्याच्या नावाने या रात्रीचे समर्थन करणाऱ्यांनी एवढा ताळेबंद तरी पाहायला हवा.

कायदा काय म्हणतो? इथे महाराष्ट्राची गंमत आहे. या राज्यात दारूबंदी उठवणारा कायदा कधी झालाच नाही. १९४९ चा दारूबंदी अधिनियम आजही लागू आहे. दारू प्यायची तर परवाना लागतो, आणि त्या परवान्यामागची कल्पना अशी, की अर्जदाराला प्रकृती राखण्यासाठी मद्याची गरज आहे. म्हणजे महाराष्ट्रात कायदेशीरपणे दारू पिणारा प्रत्येक माणूस कागदोपत्री औषध घेत असतो. एक दिवसाचा परवाना पाच रुपयांत मिळतो. बिअरसाठी वयाची २१ वर्षे आणि कडक दारूसाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. क्लबच्या अंधाऱ्या दारात हा कागद किती वेळा मागितला जातो, हे तिथे गेलेल्यांना माहीत आहे. पण मुद्दा तो नाही. ज्या राज्याने दारूला औषध ठरवले, त्याच राज्यात त्या औषधावर ‘एकावर एक मोफत’ चालते. झोपेच्या गोळ्यांवर एखाद्या औषधविक्रेत्याने अशी पाटी लावली, तर संध्याकाळपर्यंत त्याचे दुकान बंद होईल.

याच अधिनियमाचे कलम २४ दारूच्या जाहिरातींबद्दल आहे. मूळ कायद्यात मद्याची ‘प्रशंसा’ करणारा मजकूर छापण्यालाही मनाई होती. १९५१ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध बलसारा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रशंसे’चा भाग अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधात म्हणून काढून टाकला. दारूचे सेवन करा अशी गळ घालणारी किंवा दारू देऊ करणारी जाहिरात मात्र, सरकारने सूट दिलेल्या बाबी वगळता, निषिद्धच राहिली. फरक बारीक आहे, पण कामाचा आहे. कुणी कवीने मदिरेचे गुणगान केले तर त्याला कायदा हात लावत नाही. ‘आज रात्री आठ ते दहा, दुसरा पेग आमच्याकडून’ हे गुणगान नाही. ती सरळ गळ आहे. पाऊण शतकापूर्वी न्यायालयाने ओढलेल्या या रेघेच्या कुठल्या बाजूला मोबाइलवरचा तो निरोप पडतो, हे सांगायला फार मोठा वकील लागू नये. उत्पादन शुल्क विभागाने ठरवले, तर हे निरोप पुरावा म्हणून गोळा करायला एक फोन पुरेसा आहे.

पण विभागाचे लक्ष बहुतेक वेळा दुसरीकडे असते. नाकाबंदीत तोंडाला नळी लावली जाते ती चालकाच्या. पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे योग्यच आहे. गावात हातभट्टीवर धाड पडते, रसायन ओतले जाते, फोटो छापून येतो. तेही हवेच. पिणारा आणि गावठी गाळणारा अशा दोन टोकांवर कायद्याचा हात पोहोचतो. मधल्या परवानाधारकाने कोणाला, किती वेगाने, किती पाजली याचा हिशेब मात्र अपघात झाल्यावरच उघडतो.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शे गाडीने दोन तरुण संगणक अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी चालवणारा १७ वर्षांचा होता आणि त्याआधी दोन ठिकाणी बसून आल्याचे पोलिसांनी सांगितले. तीनशे शब्दांचा निबंध, ससूनमधले रक्ताचे नमुने, हे सगळे महाराष्ट्राला पाठ आहे. त्या रात्रीची दारू स्वस्त नव्हती, बिल हजारोंच्या घरात होते, हे इथे सांगायलाच हवे. स्वस्त दारूमुळे ते घडले असे म्हणणे खोटे होईल. त्या घटनेने वेगळी गोष्ट उघडी पाडली. दारातली वयाची तपासणी नावापुरतीच आहे. आणि तपासणी नावापुरती असेल, तर किंमत हाच काय तो अडसर उरतो. ज्या पोराच्या खिशात हजारो रुपये आहेत, त्याच्यासाठी तोही नाही. सवलतीची योजना हा शेवटचा अडसर दोनशे-पाचशे रुपये घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्यासाठीही काढून टाकते. निर्णय घेणारा, आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. तो पुरता घडायच्या आधी आवर सैल करणारे द्रव्य अर्ध्या किमतीत द्यायचे, आणि मग तरुणाईच्या बेजबाबदारपणावर भाषणे करायची, हा क्रम बरा नव्हे.

त्याच वर्षीच्या डिसेंबरअखेर पुण्यातल्या एका पबने नववर्षाच्या मेजवानीच्या निमंत्रणासोबत ओआरएसची पाकिटे आणि निरोध पाठवल्याची बातमी आली. चर्चा झाली ती निरोधाची. खरे तर लाज वाटायला हवी होती ती ओआरएसची. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ज्या मीठ-साखरेच्या पाण्याने पटकीच्या रुग्णांचे प्राण वाचवले, ते हँगओव्हरचे आगाऊ औषध म्हणून वाटायचे! निमंत्रण देणाऱ्याला पाहुणे किती पिणार हे ठाऊक होते, आणि ते मान्य होते, असाच त्या पाकिटाचा अर्थ.

क्लबचालकांची बाजूही आहे. जागांची भाडी आणि परवाना शुल्क अफाट आहे, मधल्या वारी टेबले रिकामी असतात, वेटर-आचाऱ्यांचे पगार निघायचे असतात. त्यांतले कितीतरी वेटर खेड्यांतून आलेली मुलेच असतात. सज्ञान माणसाने स्वतःच्या पैशाने काय प्यावे हे सरकारने का ठरवावे, हा सवालही पोकळ नाही. त्याचे उत्तर असे, की सज्ञान माणसाचे पिण्याचे स्वातंत्र्य सवलत बंद केल्याने जात नाही. तो तोच पेग त्याच टेबलावर पूर्ण किमतीत घेऊ शकतो. आणि ‘माझा निर्णय मी घेतो’ हे वाक्य पहिल्या पेगापाशी जितके खरे असते तितके चौथ्यापाशी राहत नाही. बाकी कुठल्याही मालाची सूट ग्राहकाची विचारशक्ती शाबूत ठेवते. हा माल विकतानाच ती कमी होत जाते. त्यामुळे साडी आणि व्हिस्की यांना एकच व्यापारी न्याय लावता येत नाही. टेबले भरायचीच असतील तर सूट जेवणावर द्यावी. पोटात अन्न असले की दारू रक्तात सावकाश शिरते. भाकरी-पिठले निम्म्या किमतीत दिल्याने आजवर कुणाचा अपघात झालेला नाही.

इंग्लंडने हे परवान्याच्या अटींतून केले. २०१० पासून तिथे ‘हवी तेवढी प्या’, ठरावीक वेळात ठरावीक पेग संपवण्याच्या शर्यती, विशिष्ट गटाला फुकट दारू, अशा बेजबाबदार योजनांना चाप आहे. स्कॉटलंड आणखी पुढे गेले. १ मे २०१८ पासून तिथे दारूची किमान किंमत ठरली. मद्याच्या एका युनिटला, म्हणजे ८ ग्रॅम अल्कोहोलला, ५० पेन्स. २०२३ मध्ये तिथल्या आरोग्य यंत्रणेने मोजले तेव्हा निव्वळ दारूमुळे होणारे मृत्यू अंदाजे १३ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. सप्टेंबर २०२४ मध्ये ती किंमत ६५ पेन्स झाली.

स्कॉटलंडचा उपाय जसाच्या तसा इथे आणावा असे मात्र नाही. महाराष्ट्रात दारू सरसकट महाग झाली की गरीब माणूस दारू सोडतोच असे नाही, तो हातभट्टीकडे वळतो. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला मिथेनॉल मिसळलेल्या गावठी दारूने शंभरावर माणसे गेली. जून २०२५ मध्ये राज्य सरकारने मद्यावरचे उत्पादन शुल्क मोठ्या प्रमाणात वाढवले, ते महसुलासाठी. आरोग्य हा त्यातला मुख्य विचार नव्हता. त्या वाढीचा भार मजुराच्या देशी बाटलीवरही पडला. क्लबमधल्या फुकटच्या पेगाचे काय, हा प्रश्न कोणी काढल्याचे दिसले नाही. गरिबाची बाटली महाग आणि क्लबातला दुसरा पेग मोफत, या धोरणाला आरोग्याचे धोरण म्हणता येत नाही. बंदी हवी ती किमतीवर नव्हे, पिण्याचा वेग वाढवणाऱ्या योजनांवर. फुकट पेग, वेळेला बांधलेली सूट, अमर्याद दारूचे एकरकमी तिकीट आणि लिंग पाहून दिलेली मोफत दारू, एवढ्यांवरच. याने हातभट्टीकडे कोणी वळत नाही.

दिल्लीने याचा धडा घेऊन पाहिला आहे. नव्या मद्यधोरणानंतर २०२२ च्या सुरुवातीला तिथल्या दुकानांनी एकावर एक बाटली मोफत द्यायला सुरुवात केली. रांगा रस्त्यावर आल्या, लोक खोकी भरून नेऊ लागले. फेब्रुवारीअखेर सरकारने सगळ्या सवलती थांबवल्या, आणि एप्रिलमध्ये छापील किमतीच्या २५ टक्क्यांपर्यंतच सूट देता येईल असे ठरवले. म्हणजे अशी मर्यादा घालता येते, आणि ती साध्या प्रशासकीय आदेशाने घालता येते.

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच सांगितले, की आरोग्याला निर्धोक असे दारूचे कुठलेही प्रमाण नाही. मद्य कर्करोगकारक असल्याचे तर १९८८ पासून मान्य आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ मध्ये औषधी उपयोगाखेरीज मादक पेयांचे सेवन बंद करण्याचा प्रयत्न करावा असे राज्याला सांगितले आहे. ते कोणी मनावर घेईल अशी आशा भाबडी ठरेल. पण बंदी आणि ‘हवी तेवढी प्या’ यांच्यामध्ये भरपूर जागा आहे. महाराष्ट्रातले मद्यविक्रीचे परवाने दरवर्षी ३१ मार्चपर्यंत नूतनीकरणाला येतात. त्या कागदावर दोन अटी वाढवायच्या आहेत. मद्यावर फुकटची किंवा वेळेला बांधलेली योजना चालवणार नाही, ही पहिली. प्रत्येक बिलावर किती पेग कोणत्या वेळी दिले ते नोंदवीन आणि मागितल्यास दाखवीन, ही दुसरी. बिलाच्या यंत्रात ही वेळ आजही नोंदली जातेच.